साडूभाऊंचं कलम नऊ

ही सृष्टी कुणी निर्माण केली यावर जगात वाद आहेत, आणि आमच्या घराण्यात तर ती कुणी केलीच नाही असं मानतात. पण केली असेलच आणि त्या कामी आमच्या साडूभाऊंचा सल्ला घेतला गेला असता, तर ती आजही मसुद्याच्या अवस्थेत असती, हे मी छातीठोकपणे सांगतो. सूर्य म्हणजे काय याची व्याख्या ठरली असती, सूर्यात चंद्राचा समावेश होतो किंवा कसे यावर टिपण निघालं असतं, समुद्राला आपलं म्हणणं मांडायची संधी मिळाली असती, आणि डासांच्या प्रकरणावर अजून सुनावणी चालू राहिली असती. पण एकदा का ती सृष्टी अमलात आली असती, की तिच्यात औषधालासुद्धा पळवाट सापडली नसती. मराठवाड्यावर पाऊस 'पडला तर पडेल' अशी मोघम तरतूद साडूभाऊंच्या हातून सात जन्मांत झाली नसती.

साडूभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी नांदेडचा, माझा छापखाना आहे, लग्नपत्रिका हा माझा मुख्य माल. ते मूळचे मुखेड तालुक्यातले, पण नोकरीनं लातूरकर झालेले. खेड्यापाड्यांतल्या आठवडी बाजारांची देखरेख करणारं एक सरकारी खातं आहे, त्याच्या लातूरच्या कार्यालयात ते कारकून म्हणून चिकटले आणि साहेब होऊन निवृत्त झाले. एका डाळमिलच्या शेजारी, भाड्याच्या माडीवर हे कार्यालय. तिथल्या फायलींवर तुरीच्या टरफलांचा पिवळा थर असायचा आणि साडूभाऊंच्या डोक्यावरही. बाही कोपरापर्यंत, चष्मा कपाळावर, आणि बोलणं सुरू करण्याआधी घसा असा खाकरायचे की ऐकणारा आपोआप सावरून बसायचा. आता या माणसाच्या अंगात त्याचं खातं किती मुरलं असावं? एकदा आमच्याकडे जेवायला बसले असताना बायकोनं विचारलं, "भाऊजी, थोडा भात वाढू का?" साडूभाऊंनी हात ताटावर आडवा धरला आणि म्हणाले, "थोडा म्हणजे? आधी व्याख्या होऊ द्या." व्याख्या झाली. पळीचा आकार ठरला, पळी सपाट की शिगोशीग हे ठरलं, आणि तोवर भात निवला. निवलेला भात त्यांनी फार समाधानानं खाल्ला.

त्यांच्या घरात कुठलीही गोष्ट एकदम होत नसे. फ्रीज घ्यायचा ठरला तेव्हा आधी एक संकल्पना टिपण निघालं, मग 'उद्देश व कारणे' सांगणारं निवेदन, आणि मग मसुदा. तो त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला आणि खाली लिहिलं, 'हरकती व सूचना रविवारपर्यंत मागवण्यात येत आहेत.' दूधवाल्यालाही बोलावणं गेलं. का, तर फ्रीज आला की दूध टिकणार, म्हणजे तो एक बाधित व्यक्ती! बिचारा सुनावणीला आला, बशीभर चिवडा आणि चहा संपवला, आणि "आपली काय हरकत न्हाई साहेब," म्हणून गेला. घरातून कायम हरकत एकाच व्यक्तीची यायची, ती म्हणजे माझ्या मेहुणीची. तिला आम्ही सगळेच अक्का म्हणतो. अक्का लातूरच्या शाळेत शिकवायची. तिचा आवाज शेवटच्या बाकावर झोपलेल्या पोराला उठवायचा. ती मसुद्याखाली तोंडीच नोंद करायची, "फ्रीज आनायलाव का उन्हाळा सरायची वाट बघायलाव?" उन्हाळा सरला. फ्रीज पावसाळ्यात आला, पण त्याचं दार कुणी, केव्हा आणि किती वेळ उघडायचं याबद्दल त्या घरात पुढे कधीही भांडण झालं नाही.

कुकरची गोष्ट तर मी सोयऱ्यांच्या प्रत्येक लग्नात सांगतो. जुना कुकर फुटका झाला, नवा आला. कायदा बदलला की जुन्या कायद्याखाली झालेल्या कामांचं काय करायचं, याची शेवटी एक तरतूद असते म्हणे. साडूभाऊंनी ती कुकरला लावली. नव्या कुकरचा पहिला भात खाताना ते गंभीरपणे म्हणाले, "जुना कुकर रद्द झालेला हाय. पण त्यात शिजलेलं सगळं वरण या कुकरातच शिजलं हाय असं मानन्यात येईल." आणि एका बुद्धपौर्णिमेला अक्का त्यांच्यावर मनापासून चिडली होती. "इतकी वर्सं खीर करायले, एकदा तरी चांगली झाली म्हनलाव का?" साडूभाऊंनी वाटी खाली ठेवली, चष्मा कपाळावरून नाकावर आणला. "चूक झाली. तुमची खीर उत्तम असते हे आज मान्य करन्यात येत हाय, आन् ते लग्नाच्या तारखेपासून पूर्वलक्षी प्रभावानं लागू राहील." पूर्वलक्षी प्रभाव म्हणजे आज ठरवायचं आणि मागच्या तारखेपासून लागू करायचं. अक्काला हे इतकं आवडलं की ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. त्यानंतर साडूभाऊ कुणाचीही राहून गेलेली माफी, कौतुक, आहेर, सगळं पूर्वलक्षी प्रभावानं चुकतं करू लागले. माझ्या मुलीच्या बारशाला यायचं राहिलं होतं, ती कॉलेजात गेल्यावर ते पाळण्यातला खुळखुळा घेऊन आले.

आणि मग एका दुपारी छापखान्यात त्यांचा फोन आला. आवाज असा की जणू माणूस धावत धावत बोलतोय. "पाव्हणं! कायदा करायलोय!"

मला वाटलं कुणावर तरी फिर्याद केली. म्हटलं, "कुणावर?"

"कुणावर न्हाई हो! आख्खा कायदा! नवा! मुंबईहून पत्र आलंय. आठवडी बाजाराचा कायदा करायचाय, आन् पयला मसुदा आपल्या माडीवरून जानार हाय!"

तोवर माझी अशी समजूत होती की कायदे मुंबईत होतात. मंत्री उभे राहतात, बाकं वाजतात, की झाला कायदा. साडूभाऊंनी माझं हे अज्ञान त्या वर्षी मुळापासून उपटून काढलं. कायदा म्हणजे लग्न आहे, पाव्हणं, हे त्यांनी मला माझ्याच धंद्यात समजावून दिलं. सभागृहातलं मतदान म्हणजे फक्त अक्षता. त्याआधी सोयरीक बघायची, म्हणजे इतर राज्यांनी काय केलंय ते वाचायचं. बैठका, मग मसुदा. मग तो विधी खात्याकडे जातो, तिथली माणसं नवऱ्या मुलाकडच्या आत्यांसारखी प्रत्येक शब्दाला नाक मुरडतात. मग लोकांपुढे ठेवायचा, हरकती घ्यायच्या, सुनावणी करायची. मग मंत्रिमंडळ, मग दोन्ही सभागृहं, मग राज्यपालांची सही, मग राजपत्र. आणि एवढं करून संसार चालवायला नियम वेगळे. मी म्हटलं, "साडूभाऊ, एवढ्यात तर नवरा-नवरी म्हातारे होतील." ते म्हणाले, "झाले तर झाले. पन घटस्फोट होनार न्हाई."

त्या दिवसांत लातूरच्या त्या माडीवर जो उत्साह होता तो मी कुठल्या लग्नघरातही पाहिला नाही. मी पत्रिकांचा कागद घ्यायला लातूरला गेलो की तिथे डोकावायचो. 'बाजार म्हणजे काय' यावर शिपायापासून साहेबापर्यंत सगळे हमरीतुमरीवर आलेले असायचे. एखादा माणूस बाजाराचा दिवस सोडून शेळी घेऊन रस्त्यात उभा राहिला, तर तो बाजार का? दुसऱ्यानं नुसतं शेळीकडे बघितलं तर? साडूभाऊ टेबलावर थाप मारून म्हणायचे, "बघणारा आला की बाजार झाला!" आणि मग स्वतःच घाबरून म्हणायचे, "थांबा, थांबा. तसं म्हनलं तर आपली सगळी गल्लीच बाजार होते." डाळमिलचा आवाज खालून घुमत असायचा आणि वर ही माणसं घसा फोडून एका शेळीचं भवितव्य ठरवत असायची. मला हेवा वाटायचा. माझ्या छापखान्यात 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' याच्यापुढे शब्दाची कुणाला पर्वा नसते.

बाजार बघितल्याशिवाय मसुदा लिहायचा नाही, असा त्यांचा हट्ट. सरकारी गाडी मिळाली नाही, तर मला नांदेडहून बोलावून घेतलं आणि माझ्या मोटारसायकलवर मागे बसून जळकोट, मुखेड पालथं घातलं. हातात मोजपट्टी. जळकोटला ते सावली मोजत होते! एका कडुलिंबाच्या झाडाखाली किती बाया बसतात हे बघायला ते सकाळपासून थांबले, आणि सावली सरकली तशा बायाही टोपल्या घेऊन सरकल्या, आणि त्यांच्यामागे मोजपट्टी घेऊन साडूभाऊ. एक म्हातारी म्हणाली, "काय हरवलंय का रं लेकरा?" साठीकडे झुकलेलं हे लेकरू म्हणालं, "न्हाई मावशी, सावली बघायलोय." म्हातारीनं शेजारणीकडे बघून कपाळाला बोट लावलं.

मुखेडच्या बाजारात मात्र त्यांनी मोजपट्टी खिशात घातली. मिरच्यांच्या ओळीपाशी उभे राहिले, लाल ढिगांकडे बघत. मग मला एका चहाच्या टपरीवर घेऊन गेले आणि पुढ्यातला चहा निवू दिला.

"पाव्हणं, आमची माय हितं बसायची. त्या तिथं, मिरच्या घेऊन. पहाटे गावाहून चालत यायची. बाजारच्या दिवशी माय पानी पीत नव्हती. चहा बी न्हाई. मला लई दिवस वाटायचं, उपास असंल. मग मोठा झालो तवा कळलं." त्यांनी कप बाजूला सारला. "जायाला जागाच नव्हती हो कुठं बाईमानसाला. म्हनून प्यायचंच न्हाई. दिवसभर, उन्हात, मिरचीच्या खकान्यात. घरी आली की आधी दारातच तांब्याभर पानी प्यायची, उभ्या उभ्या. मग पोटात दुखायचं, रात्रभर कन्हायची. शेवटी त्याच दुखन्यानं गेली ती." मग त्यांनी त्या ओळीकडे हात केला. "आन् आजबी बघा. येकीच्या बी जवळ पान्याची बाटली हाय का?"

मी बघितलं. एकीजवळही नव्हती.

"बाकी आख्खा कायदा विधी खात्यानं चावून टाकला तरी चालंल. बायांसाठीचं कलम नऊ तेवढं ऱ्हायला पायजे," साडूभाऊ म्हणाले, आणि गार झालेला चहा एका घोटात संपवला.

मसुदा तयार झाला आणि तो दाखवायला ते खास नांदेडला आले. छापायला मात्र दिला नाही. साडूच्या छापखान्यात सरकारी काम म्हणजे भलतंच. "वाचा फकस्त," म्हणाले. मी वाचला. अहाहा, काय तो मसुदा! ओटा किती उंच, छपराला उतार किती, तोलकाटा कुणी तपासायचा, बैल कुठं बांधायचा, बैलानं कुठं बघू नये, सगळं. शेळीचीही सोय झाली होती. आणि मग कलम नऊ आलं: 'आठवडी बाजारात दिवसभर थांबणाऱ्या महिला विक्रेत्यांच्या अपरिहार्य गरजा लक्षात घेऊन त्यांच्याकरिता सुयोग्य व्यवस्था करण्यात येईल.' मी दोनदा वाचलं. म्हटलं, "साडूभाऊ, सुयोग्य व्यवस्था म्हणजे?"

ते खिडकीबाहेर बघू लागले. "समजनाऱ्याला समजतं."

"पण व्याख्या?"

"ते... तसलं कसं लिव्हावं?" त्यांचे कान लाल झाले होते. थोड्या भाताची व्याख्या करणारा हा माणूस! पण मला एकदम उमगलं. हे कलम लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे माय होती, आणि मायच्या शेजारी तो शब्द ठेवायला त्यांचा हात धजला नव्हता. हसू आलं आणि गलबलूनही आलं. मी मसुदा मिटून त्यांच्या हातात दिला.

मसुदा प्रसिद्ध झाला. हरकती मागवल्या गेल्या आणि साडूभाऊंना सणासारखा हर्ष झाला. ते स्वतः बाजारात उभे राहून आपल्याच कायद्यावर हरकती गोळा करू लागले, "घ्या हो, हरकत घ्या! लाजू नका!" पुरुषांनी भरपूर घेतल्या. बैलवाल्यांनी घेतल्या, हॉटेलवाल्यांनी घेतल्या, एका न्हाव्यानं तर आरशाची दिशा कायद्यात असावी असा आग्रह धरला. पण कलम नऊ आलं की सामसूम. मिरचीच्या ओळीत एक बाई होती, ठसठशीत कुंकवाची, तिला सगळे मिरचीवाली मावशी म्हणत. साडूभाऊंनी तिच्यापुढे उकिडवं बसून कलम नऊ वाचून दाखवलं. ती मन लावून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "लई ग्वाड लिवलंय साहेब. आमची काय बी हरकत न्हाई. मिरच्या किती देऊ?" ते मिरच्या घेऊन परत आले. अशा ओळभर बायांच्या मिरच्या घेऊन आले. त्या वर्षी आमच्या दोन्ही घरांत ठेचा कमी पडला नाही.

आणि मग मुंबईहून तो शेरा आला. 'कलम ९: आशय संदिग्ध. याबाबत कोणतीही मागणी अथवा सूचना प्राप्त झालेली नाही. सबब वगळण्यास हरकत नसावी.'

अक्काचा माझ्या बायकोला फोन आला तेव्हा तिचा शेवटच्या बाकापर्यंत जाणारा आवाज अगदी खाली गेलेला. "मानूस जेवंना झालाय. विचारलं तर म्हनतो, 'हरकत नसावी म्हनले ते.' बस, तेवढंच." मी लातूरला गेलो. साडूभाऊ बैठकीत, फ्रेम केलेल्या संविधानाच्या उद्देशिकेखाली बसले होते. मी म्हटलं, तुम्हीच हरकत नोंदवा की! त्यांनी मान हलवली. "मसुदा करनाऱ्याला त्याच मसुद्यावर हरकत घेता येत न्हाई. नियमात बसत न्हाई, पाव्हणं." आता एकच दार उघडं होतं. लातूरला जाहीर सुनावणी व्हायची होती, मुंबईच्या उपसचिव स्वतः येणार होत्या. तिथे कुणी बोललं तर बोललं.

अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. जिथं फ्रीजचा मसुदा चिकटवला होता, तिथंच. तिनं सगळं ऐकलं आणि आत गेली. पुढच्या बाजाराला ती शाळेतून रजा काढून, माझ्या बायकोला बरोबर घेऊन मुखेडला गेली आणि मिरचीच्या ओळीत दिवसभर फतकल मारून बसली. पाणी न पिता. परत आल्यावर दोघी बहिणी आम्हाला काही सांगायला तयार नव्हत्या. "सुनावनीला कळंल," एवढंच.

सुनावणीचा दिवस! सभागृह गच्च भरलेलं, पंखे नुसते कण्हत होते. व्यासपीठावर उपसचिव बाई, पुढ्यात पाण्याची बाटली, आणि त्यांच्या शेजारी साडूभाऊ, इस्त्रीचा शर्ट घातलेले, चेहरा मात्र चुरगळलेला. बैलवाले बोलले. हॉटेलवाले बोलले. न्हावी आरशासकट बोलला. उपसचिव बाईंनी पान उलटलं. "कलम नऊ. यावर कुणाची हरकत नाही. पुढे जाऊ—"

"माझी हाय!"

सगळ्या माना वळल्या. मागच्या दारातून अक्का आत येत होती, आणि तिच्यामागे एसटीनं आलेल्या मुखेडच्या बाया, सगळ्यांत पुढं मिरचीवाली मावशी. साडूभाऊंच्या हातातून पेन पडलं. नंतर ते मला म्हणाले की इतक्या वर्षांच्या संसारात अक्काची हरकत ऐकून आपल्याला पहिल्यांदाच आनंद झाला. पण त्या घडीला त्यांच्या तोंडावर आनंद नव्हता, नुसती धास्ती होती.

"नाव?" शिपायानं विचारलं.

"नागरिक," अक्का म्हणाली. "माझी हरकत अशी हाय, की या कलमात काय लिवलंय ते कुनालाच कळत न्हाई. सुयोग्य व्यवस्था म्हंजी काय? ज्यांनी लिवलं त्यांनी व्याख्या सांगावी. घरी तर थोड्या भाताची बी व्याख्या करतेत!"

सभागृहात खसखस पिकली. साडूभाऊ उभे राहिले. कान लाल, मान लाल. "म्हंजी... अपरिहार्य..."

"संडास म्हना की!" अक्का गरजली. "त्यात लाजायचं काय? बायांसाठी संडास! दार असलेला! आतून कडी लागनारा! पानी असलेला! एवढं लिवलं असतं तर या समद्या बायांनी कवाच सूचना दिल्या असत्या. बाप्या मानसानं येऊन असं गोल गोल वाचल्यावर त्या काय बोलनार? 'हरकत न्हाई' म्हनाल्या. दुसरं काय म्हनतील?"

आणि मग मिरचीवाली मावशी पुढं आली. पदर डोक्यावर नीट घेतला. "बाई, म्या पहाटंपासून पानी पेत न्हाई बाजारच्या दिशी. आत्ताबी पेले न्हाई, हितं कुठं जावं ठावं नव्हतं म्हनून." बस. बांध फुटला. दुसरी म्हणाली, दारूच्या दुकानाजवळ नको. तिसरी म्हणाली, कुलूप घालून किल्ली सरपंचाच्या घरी नको. चौथी म्हणाली, दिवा पायजे, हिवाळ्यात लवकर अंधार पडतो. तान्ह्या लेकराला ठेवायला आत जागा पायजे, म्हणाली एक पोरगेलीशी. सगळ्या एकदम बोलायला लागल्या! साडूभाऊ खाली वाकून पेन शोधत होते, सापडत नव्हतं. मी पळत जाऊन माझं दिलं. माणूस लिहीत सुटला. कोण काय बोलली, कुठल्या गावची, सगळं. अक्षर पानाबाहेर चाललं होतं आणि तोंडानं "सावकाश, सावकाश, येकेक जन बोला" चालू होतं, पण त्यांना कुणीही सावकाश व्हायला नको होतं हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

उपसचिव बाई मात्र काहीच लिहीत नव्हत्या. त्या आपल्या बाटलीकडे बघत होत्या. मग त्यांनी ती उचलून सगळ्यांना दाखवली. सील तोडलेलं नव्हतं. "मी सकाळी नांदेडला उतरले आणि गाडीनं इथं आले," त्या हळूच म्हणाल्या. "रस्त्यात सोय नसते, म्हणून मीही प्यायले नाही." आणि शेऱ्याच्या त्या ओळीवर त्यांनी आडवी रेघ मारली. मी टाळ्या वाजवल्या. सरकारी सुनावणीत टाळ्या वाजवायच्या नसतात, हे साडूभाऊंनी मला डोळ्यांनी सांगितलं, आणि मग तेच वाजवायला लागले.

पुढची कथा लांब आहे. विधी खात्याच्या आत्यांनी पुन्हा नाकं मुरडली, मंत्रिमंडळात एकदा पुढं ढकललं गेलं, पण कलम नऊ, नव्या व्याख्येसकट, टिकलं. ज्या दिवशी विधेयक सभागृहात आलं त्या दिवशी आम्ही सगळे साडूभाऊंच्या घरी थेट प्रक्षेपण बघायला जमलो. त्यांनी शर्टाची वरची गुंडीसुद्धा लावली होती. सभागृहात कुठल्यातरी दुसऱ्याच प्रकरणावरून प्रचंड गदारोळ चालू होता, आणि त्या गदारोळात कधी विधेयक मांडलं आणि कधी मंजूर झालं हे डोळे फाडून बघणाऱ्या आम्हालाही कळलं नाही. कलम नऊवर कुणी एक शब्द बोललं नाही. मी चिडलो. साडूभाऊ मात्र उभे राहिले होते, हात बाजूला सरळ. "मंजूर," एवढंच म्हणाले. अक्कानं त्यांच्या हातात खिरीची वाटी दिली, आणि ती उत्तम असल्याचं त्यांनी या वेळी जागच्या जागी, चालू तारखेत मान्य केलं.

मग ते निवृत्त झाले. निरोप समारंभात म्हणाले, "आजपासून मी रद्द झालो. पन माझ्या हातून झालेली कामं झालेली हायत असं मानन्यात यावं." सगळे हसले. मी हसलो नाही.

गेल्या उन्हाळ्यात आम्ही दोघं पुन्हा मुखेडच्या बाजाराला गेलो. मिरचीच्या ओळीमागे एक छोटी पक्की इमारत उभी होती, दारं असलेली, कड्या असलेली, वर दिवा. उद्घाटनाच्या फरशीवर भरपूर नावं होती. साडूभाऊंचं नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. त्यांनी फरशीकडे पाहिलंदेखील नाही. एका बाईला विचारून, आत कुणी नाही याची खात्री करून, त्यांनी कडी लावून बघितली, काढून बघितली. पुन्हा लावून बघितली. मग आम्ही ओळीच्या तोंडाशी आलो. भर दुपार होती, ऊन असं की मिरच्यांचा रंग डोळ्यांत भाजत होता. आणि मिरचीवाली मावशी मान मागे टाकून बाटलीनं घटाघटा पाणी पीत होती. पाणी हनुवटीवरून ओघळत होतं, तिचं लक्षच नव्हतं. शेजारणीनं बाटली मागितली, तीही प्याली.

साडूभाऊ बघत राहिले. मला वाटलं आता घसा खाकरतील, काहीतरी कलम सांगतील.

"पाव्हणं," ते म्हणाले, "जिंदगीभर समद्या गोष्टी पूर्वलक्षी प्रभावानं लागू करत आलो. ही तेवढी करता येत न्हाई."

त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं. मावशीनं आम्हाला ओळखलं होतं. मिरचीच्या खकाण्यानं डोळ्यांत पाणी आलं असेल असं वाटून तिनं ओल्या हातानं बाटली पुढं केली.

"साहेब, पानी घ्या. लई हाय अजून."

साडूभाऊंनी बाटली घेतली. लई म्हणजे किती, हे त्यांनी विचारलं नाही. उभ्या उभ्याच प्यायले.